पोटाचा घाट, दुधाचा घाट

आमच्या टेंगराकांदी गावात कोहिनूरचं नाव निघालं की माणसं आधी तिच्या लग्नाची गोष्ट सांगतात. वकील आणि साक्षीदार पडद्यापलीकडे येऊन बसले, ‘बेटी, कबूल आहे का?’ असं विचारलं गेलं, आणि नवरीने लाजायचं सोडून ठणकावलं, “नवऱ्याचे मामा माझ्या पदरावर बसलेत. आधी त्यांना उठवा, मग विचारा.” मामा उठले. पदर मोकळा झाला. मग कोहिनूरने तीनदा कबूल म्हटलं, तेही इतक्या खणखणीत आवाजात की पलीकडच्या डबक्यातल्या बदकांनी माना वर केल्या म्हणे. बदकांचं खरंखोटं आम्हाला ठाऊक नाही. पण मामा अजूनही त्या घरी जेवायला आले की बसायच्या आधी खाली बघतात, हे आम्ही पाहिलंय.

तिचा बाप होड्यांच्या फटी बुजवून डांबर लावायचा. कोहिनूर चौथीपर्यंत शिकली आणि पुढचं सगळं डांबराच्या डब्याशेजारी बसून शिकली. पाणी कुठून शिरतं ते बघायचं, आणि शिरायच्या आधी आडवं यायचं. नवरा मोतालेब हा लाँचवर खलाशी. स्वभावाने इतका गरीब, की घाटावर दोर टाकताना तो आधी खुंटाची माफी मागत असावा असं वाटे. आणि सासू सोफुरा. सोफुरा विधवा, हडकुळी, आणि जिभेने अशी की तिच्या अंगणातून जाताना फेरीवालेसुद्धा पाय उचलून चालत.

सोफुराचं एक स्वप्न होतं. तिची थोरली लेक फिरोजा नारायणगंजला दिलेली. जावयाचं गंजीफ्रॉकचं दुकान. कोहिनूरला टुनू झाला आणि लगोलग फिरोजाला मुलगी झाली, मिथिला. सोफुराने दोघांची तोंडंसुद्धा नीट न बघता जाहीर करून टाकलं, की ही जोडी अल्लाने पाठवली आहे. चिखलात राहणाऱ्या तिच्या नातवाला एकदम दुकानदाराची लेक! त्या दिवसापासून टुनू दुपट्यात शू करत होता तोही सोफुराच्या हिशेबी नवरदेवच होता.

अठ्ठ्याऐंशीच्या मोठ्या पुराचं पाणी ओसरलं, आणि ओसरताना दरवेळी मागे ठेवतं ते ठेवून गेलं. घरोघर जुलाब. फिरोजा मिथिलेला घेऊन माहेरपणाला आलेली, आणि नेमकी तेव्हाच कोहिनूर आडवी झाली. तांदळाच्या धुवणासारखं पाणी अंगातून जाऊ लागलं. दुपार कलायच्या आत तिचे डोळे खोल गेले आणि बोटांची कातडी धोबिणीसारखी सुरकुतली. मोतालेबने होडी काढली, तिला आडवं घातलं आणि नदीकाठच्या कॉलऱ्याच्या हॉस्पिटलात पोचवलं. टुनूला सोफुराने उंबऱ्यातच काढून घेतलं. “तिला न्या. पोरगा राहील.”

हॉस्पिटलात भोकं पाडलेल्या खाटा, खाली बादल्या, वर टांगलेल्या सलाईनच्या बाटल्या. दुसऱ्या दिवशी कोहिनूर उठून बसली आणि ती पहिलं वाक्य बोलली ते असं, “ही बादली कोणी ठेवली? माझ्या भोकाखाली नाहीये ती.” मोतालेबच्या जिवात जीव आला. बायको वाचली होती.

मग तिच्या लक्षात आलं की छाती दगडासारखी झाली आहे आणि झंपर भिजला आहे. मिनतीदी शेजारी येऊन बसली. मिनतीदी म्हणजे हॉस्पिटलची आरोग्यसेविका. होडीतून गावोगाव फिरणारी, छत्री कधी न उघडणारी, सगळ्यांची नावं पाठ असणारी.

“दूध पिळून काढ,” ती म्हणाली. “आटू देऊ नकोस. घरी गेल्यावर लगेच पोराला लाव.”

“आम्मा लावू देणार नाहीत.”

“का?”

“पोट बिघडलं म्हणजे दूध बिघडलं. आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तुम्हाला नाही?”

“मला उलटं माहीत आहे,” मिनतीदी म्हणाली. “तुझ्या आतड्यात शिपाई असतात. हा रोग आला की ते त्याचं तोंड ओळखून घेतात. मग त्यातले काही रक्तातून निघतात आणि तुझ्या छातीत जाऊन बसतात. तिथे बसून ते ह्याच रोगावरचं औषध दुधात सोडतात. आत्ता तुझं दूध म्हणजे…”

“थांबा,” कोहिनूर म्हणाली. निकाहाच्या वकिलाला थांबवणारी ती, मिनतीदीला काय सोडणार? “रक्त तर सगळ्या अंगातून फिरतं ना?”

“फिरतं.”

“मग ते शिपाई माझ्या पायाच्या अंगठ्यात का नाही उतरत? गुडघ्यात का नाही? त्यांना कसं कळतं छाती आली म्हणून? पाटी लावली आहे का आत?”

मिनतीदी हसली. “ढाक्याचे डॉक्टर ह्याच एका प्रश्नावर म्हातारे व्हायला लागलेत. त्यांनी मला एक इंग्रजी शब्द सांगितला होता. त्यांच्या खोलीत होते तोवर पाठ होता, दारात आल्यावर विसरले. शिपायाच्या अंगावर काहीतरी असतं म्हणे, आणि त्या त्या जागेच्या रक्तवाहिनीला आतून काहीतरी असतं. दोन्ही जुळलं की…”

“दोर आणि खुंट,” मोतालेब म्हणाला.

दोघींनी वळून बघितलं. तो खाटेच्या पायथ्याशी उकिडवा बसला होता आणि इतका वेळ तिथे होता हे दोघी विसरल्या होत्या.

“नाही, म्हणजे,” तो घाबरून म्हणाला, “बरिशालची मोठी लाँच रोज आपल्या घाटासमोरून जाते. भोंगासुद्धा वाजवत नाही. आपल्या घाटाशी तिचं काही जुळतच नाही. आमची लहान लाँच तीच नदी, तेच पाणी. पण टेंगराकांदी आली की वेग कमी होतो, ती काठाला घासत घासत येते, मी दोर टाकतो, तो हिजळाच्या लाकडी खुंटाला बसतो, ती थांबते. मग फळी टाकली की माणसं उतरतात. सगळ्या नदीतून जायचं, पण उतरायचं जिथे आपला खुंट आहे तिथे.”

मिनतीदी त्याच्याकडे बघतच राहिली. “अरे, अस्संच! पहिल्यांदा घासत येतात, मग अडकतात, मग भिंतीतून आत शिरतात. पोटात तयार झालेल्या शिपायाला दोरच असा मिळतो की तो पोटाच्या घाटाला बसतो. आणि बाई बाळंत झाली की छातीतही त्याला बसेल असा खुंट उभा राहतो. एरवी तो घाट बंद.”

“पाणी चढल्यावर चालू होतो आपला उत्तरेकडचा घाट, तसा,” मोतालेब म्हणाला आणि लाजला.

कोहिनूरने नवऱ्याला नव्याने पाहिलं. “एवढं कळतं तुम्हाला. मग घरी आईसमोर हेच बोलाल ना?”

मोतालेबने बादली सरळ केली. कळणं निराळं आणि आईसमोर बोलणं निराळं, हे त्या बादलीलाही समजलं असावं.

घरी परतल्यावर कोहिनूरने अंगणात पाय टाकला तेव्हा टुनू रडत होता. रडणं बारीक, थकलेलं. सोफुरा त्याच्या तोंडात बाटली कोंबत होती. बाटलीत बार्लीचं पाणी. आणि दोन हातांवर फिरोजा बसली होती, मांडीवर मिथिला, आणि तिच्या झंपरावर दुधाचे ओले डाग.

“बुबू,” कोहिनूर नणंदेला म्हणाली, “तुम्हाला एवढं दूध आहे. माझ्या पोराला एक वेळ पाजलं असतंत तर?”

फिरोजाने आईकडे बोट दाखवलं. “विचार तिला. मी तर पहिल्याच दिवशी पदर बाजूला केला होता. म्हणते, हात लावलास तर खबरदार.”

हे समजायला आमच्याकडचा एक नियम ठाऊक पाहिजे. दुधाचं नातं आमच्यात रक्ताइतकं पक्कं. परक्या बाईने मूल पाजलं की ती त्याची दूधआई, तिची लेकरं त्याची भावंडं. मग त्यांच्यात निकाह जन्मात होत नाही. एक घोटसुद्धा पुरतो. फिरोजाचा एक घोट टुनूच्या पोटात गेला असता तर सोफुराचा नवरदेव जागच्या जागी मिथिलेचा भाऊ झाला असता.

“म्हणजे लग्नासाठी पोराला उपाशी ठेवलंत,” कोहिनूर म्हणाली.

“उपाशी कुठे? बार्ली देतेय ना!”

“नवरदेव जिवंत राहिला पाहिजे ना आम्मा, लग्नापर्यंत तरी. द्या इकडे.”

“बौ!” सुनेला हाक मारत सोफुरा बाटली आडवी धरून उभी राहिली. “तू अजून त्या घाणीतून उठून आली आहेस. तुझं दूध आता विष आहे. पिळून पाण्यात सोड. मुंग्या लागतील तिथे टाकू नकोस.”

कोहिनूरने लाँच सांगितली, खुंट सांगितला, शिपाई सांगितले. शेजारच्या बायका कुंपणाला येऊन लागल्या. कोहिनूरला सांगायची हौस, तिने हातवारे करून घासत येणारी लाँचसुद्धा करून दाखवली. सोफुराने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, “बरं. पोटातलं छातीत जातं, हे तूच म्हणालीस. शिपाई जातात तर रोग का नाही जाणार? तोही बसेल त्याच लाँचमध्ये. त्याला कोण अडवतंय? तिकीट?”

बायका हसल्या.  ह्याचं उत्तर कोहिनूरकडे नव्हतं. हा प्रश्न खाटेवर तिला सुचायला हवा होता आणि सुचला सासूला. तिने मोतालेबकडे पाहिलं. मोतालेब होडीतलं पाणी उपसायला गेला. होडीत पाणी नव्हतं.

उत्तर नव्हतं, पण लेकरू होतं आणि छाती होती. कोहिनूर सरळ पुढे झाली, सासूच्या काखेखालून हात घालून टुनूला ओढून घेतलं आणि भर अंगणात, सगळ्यांच्या देखत, पेरूच्या झाडाला पाठ टेकून बसली. टुनूने असं तोंड लावलं की त्याचा आवाज कुंपणापर्यंत गेला.

“ह्याला एक जरी जुलाब झाला,” सोफुरा म्हणाली, “तर तुला तुझ्या बापाकडे पाठवते. कायमची. ऐकतोस ना रे मोतालेब?”

“ऐकतोय,” होडीतून आवाज आला.

आणि टुनूला जुलाब झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी. गोष्ट रचायची असती तर आम्ही तो होऊ दिला नसता, पण झाला त्याला काय करणार? पातळ, दोनदा, मग तिसऱ्यांदा.  सोफुराने नुसतं ते दुपटं उचललं आणि कोहिनूरसमोर धरलं.

कोहिनूरने दुपटं हातातून घेतलं. आपण चुकलो असलो तर? मिनतीदी होडीतून येते, छत्री घेऊन जाते. मूल मेलं तर पुरायचं आपल्याला. तिने टुनूचं कपाळ चाचपलं. मग ती पुन्हा पेरूखाली बसली आणि पुन्हा पदर बाजूला केला.

तेव्हा सोफुराचा बांध फुटला. “सोड त्याला! मीही हेच केलं होतं. मोतालेबच्या आधीचा माझा, बारेक. मी आजारी होते, आणि पाजलं. माया आवरली नाही म्हणून पाजलं. दुसऱ्या दिवशी ह्याच अंगणात गेला तो. माझ्याच दुधाने मारलं त्याला मी. तुला ते करायचंय का?”

कुंपणापलीकडच्या बायका एकेक करून नाहीशा झाल्या. फिरोजाने मिथिलेला घट्ट धरलं. असा कोणी बारेक होता, हे कोहिनूरला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.  पण टुनू पीत होता, आणि तिने त्याला काढलं नाही.

“आम्मा,” ती म्हणाली, “मला उत्तर येत नाही. पण मी काढणार नाही.”

मिनतीदीची होडी टेंगराकांदीला लागली तेव्हा अर्धं गाव घाटावर आधीच वाट बघत होतं. काहींना औषध हवं होतं, बाकीच्यांना तमाशा. तिने टुनूचं पोट दाबलं, कातडी चिमटीत धरून सोडली, डोळे पाहिले.

“खेळतोय,” ती म्हणाली. “दूध चालू ठेव. जुलाब झाला की मीठ-गुळाचं पाणी चमच्याने. दोन्ही.”

“तू तर म्हणाली होतीस काही होणार नाही!” सोफुरा म्हणाली.

“मी असं कधीच म्हणाले नव्हते, खालाम्मा. दूध म्हणजे ताईत नव्हे. रोग पोटात शिरतो सगळ्यांच्याच. पाणीच तसलं आहे. दूध पिणाऱ्याला तो सहसा आडवा पाडू शकत नाही, एवढंच. कधी कधी पाडतोही.”

“आणि रोग लाँचमध्ये का नाही बसत?” कोहिनूरने विचारलं. हा प्रश्न तिने तीन दिवस दाढेखाली धरून ठेवला होता.

“हा रोग रक्तात शिरतच नाही. आतड्याच्या पोकळीतूनच भिंतीला चिकटतो, तिथेच धिंगाणा घालतो आणि खालून निघून जातो. नदीतच येत नाही तो, तर लाँच कुठली? दोर शिपायांकडे आहे. त्याच्याकडे नाही.”

कोहिनूरने सासूकडे पाहिलं. सोफुरा चुलीकडे वळली होती. चूल विझलेली होती, तरी फुंकत होती.

संध्याकाळपर्यंत टुनू स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालायच्या उद्योगाला लागला. दुसऱ्या दिवशी जुलाब थांबले. सोफुरा म्हणाली, मीठ-गुळाने थांबले. कोहिनूर म्हणाली, असेल. तिला वाद घालायचा नव्हता असं नाही; तेवढ्यात फिरोजा ओकली.

नारायणगंजला नळाचं पाणी पिणारी फिरोजा माहेरी आल्यापासून डबक्यातलंच पाणी ओंजळीने पीत होती, लहानपणासारखं. तिची गत कोहिनूरपेक्षा वाईट झाली. ओठ निळे, नाडी हाताला लागेना. मोतालेबने पुन्हा होडी काढली. जाताना फिरोजाने डोळ्यांनीच मिथिलेकडे दाखवलं. बोलायला आवाज नव्हता. होडी वळणापलीकडे गेली आणि अंगणात उरल्या सोफुरा, कोहिनूर, आणि भुकेने लाल झालेली मिथिला.

सोफुराने बार्ली उकळली. मिथिलेने ती थुंकली. बाजारातून डब्याचं दूध आणवलं. बाटलीचं रबरी बोंड तोंडाला लागलं की पोरगी पाठ धनुष्यासारखी ताणायची. आयुष्यात बाटली न पाहिलेलं पोर ते. दुपारपर्यंत तिचं रडणं चिरकं झालं, मग बारीक झालं, आणि मग मधून मधून बंद पडू लागलं. रडण्यापेक्षा ते बंद पडणं ऐकवत नव्हतं.

कोहिनूरचा झंपर त्या आवाजाने आपोआप भिजत होता. शरीराला कोण कोणाचं मूल ते काही कळत नाही.

“द्या इकडे,” ती म्हणाली.

“नाही.”

“का? विष आहे म्हणून, का लग्न मोडेल म्हणून? एक कारण ठरवा आम्मा. विष असेल तर टुनू तिकडे लाथा झाडत पडलाय तो कसा? आणि लग्नासाठी असेल तर तसं बोला, म्हणजे ह्या पोरीलाही कळू दे की ती कशापायी उपाशी आहे.”

“फिरोजा येईल उद्या.”

“आली तर. आणि आली तरी तिच्या अंगात दूध कुठून येणार लगेच? तिच्या अंगात पाणी नाही राहिलं.”

“बौ, तुला कळत नाहीये.” सोफुरा मिथिलेला छातीशी धरून मागे सरकत होती. “तुझ्याच पोराचं नशीब मोडतेस तू. दुकान आहे त्यांचं. पक्कं घर आहे. ह्या चिखलातून वर काढणारा एकच दोर आहे आपल्याकडे, आणि तो तू एका घोटात कापणार. मोतालेब आला की खरंच तुला हाकलते मी. ह्या वेळी खरंच!”

कोहिनूरला ते घर दिसलं नव्हतं असं नाही. रात्री टुनूला थोपटताना तिनेही त्या पक्क्या घराच्या गच्चीवर त्याला दोन-चार वेळा फिरवून आणलं होतं. ती क्षणभर थांबली. मग मिथिलेचं रडणं पुन्हा बंद पडलं.

तिने पोरगी काढून घेतली. ह्या वेळी काखेखालून नाही. समोरून, सासूच्या डोळ्यांत बघत, एकेक बोट सोडवत. सोफुराच्या बोटांना पुष्कळ ताकद होती, पण ती तिने वापरली नाही. मिथिलेने दोनदा तोंड फिरवलं, वास निराळा होता, तिसऱ्यांदा धरलं. घोट गिळल्याचा आवाज आला.

“गेलं,” सोफुरा म्हणाली आणि ओट्यावर बसली. “नातं तोडलंस.”

“जोडलं. आजपासून ही माझी मुलगी. तुमचाच नियम.”

 मिथिलेचा हात कोहिनूरच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याशी खेळू लागला. मग ओट्यावरून, दुसरीकडे बघत, सोफुराने विचारलं, “ते शिपाई. सगळ्या बायकांत असतात?”

“सगळ्यांत.”

“माझ्यातही होते? तेव्हा?”

“होते, आम्मा. तुमच्याही छातीला घाट होता. बारेकला पाण्याने मारलं. तुमच्या दुधाने मारलं असं परत माझ्यासमोर म्हणालात, तर मी भांडेन.”

“नाहीतरी भांडतेसच,” सोफुरा म्हणाली, आणि पदराने नाक पुसत गोठ्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मोतालेब एकटाच परतला. फिरोजा वाचली होती. अजून दोन-तीन दिवस ठेवणार होते. सोफुराने त्याला हातपायही धुऊ दिले नाहीत. रात्रभरात तिचं मन पुन्हा दुकानावर जाऊन बसलं होतं. एका अंगणात एका दिवसात माणूस बदलत नाही, आणि सोफुरा तर दोन अंगणांतही बदलली नसती.

“हिने पाजलं,” ती म्हणाली. “मी नको म्हणत असताना. सगळं मोडलं. हिला आजच्या लाँचने बापाकडे सोडून ये. मी शब्द दिला होता.”

मोतालेब एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघू लागला. कोहिनूरने त्याची वाट बघितलीच नाही. ती आत गेली, गाठोडं बांधलं आणि दोन्ही काखांत दोन पोरं घेऊन बाहेर आली.

“चला. निघाले मी.”

“मिथिलेला कुठे नेतेस?”

“माझी मुलगी आहे. आईबरोबर जाईल. मी काय पान्हा इथे ठेवून जाऊ? उपाशी ठेवायची असेल तर सांगा, ठेवते ओट्यावर.” ती मोतालेबकडे वळली. “तुमची लाँच किती वाजता आहे हो? माझ्यासाठी दोर जरा जपून टाका. दोन पोरं आहेत हातात.”

मोतालेबच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. जन्मात पहिल्यांदा त्याने आईसमोर खुंटाची माफी न मागता दोर टाकला. “आई,” तो म्हणाला, “फिरोजाबुबूला मी सांगितलं. हॉस्पिटलच्या घाटावर आपल्या गावचे लोक सांगतच होते. ती म्हणाली, बरं झालं. म्हणाली, ह्या घरातून सुटायला मला अर्धं आयुष्य लागलं, माझी पोरगी परत तिथे पाठवायला मी काय वेडी आहे? लग्न तिला नकोच होतं. तुझ्या भीतीने गप्प होती.”

सोफुरा शिव्या द्यायला पुढे झाली.  फिरोजाला शिव्या द्याव्यात तर ती सलाईनवर, कोहिनूरला द्याव्यात तर तिच्या काखेत दोन्ही नातवंडं, मोतालेबला द्याव्यात तर तो प्रथमच माणसासारखा उभा. असं कधी झालं नव्हतं. शेवटी तिने पेरूच्या झाडावरच्या कावळ्याला शिव्या दिल्या आणि ती स्वयंपाकघरात शिरली. आतून भांडी आदळल्याचे आवाज आले, मग पाट्यावर काहीतरी रगडल्याचे.

कोहिनूर अंगणात गाठोडं पायाशी घेऊन उभीच होती. बसायची नाही, असं तिने ठरवलं होतं.

सोफुरा बाहेर आली ती थाळी घेऊन. वाफाळता भात, आणि त्यावर काळाभोर गोळा: लसूण-मिरची घालून वाटलेली कलौंजी, अंगावर दूध यावं म्हणून बाळंतिणीला देतात ती. तिने थाळी ओट्यावर आपटली.

“दोघांना पाजणारी बाई उभ्याने जेवते का कुठे? बस. आणि लवकर गिळ. लाँच गेली तर मला बोल नको लावूस.”

कोहिनूर बसली. एका मांडीवर टुनू, दुसऱ्या मांडीवर मिथिला. तिने एक घास तोंडात घातला, चावला, आणि सासूकडे मान वर करून पाहिलं.

“मीठ कमी आहे, आम्मा.”

“मीठ त्या तुझ्या मिनतीने संपवलंय, पाण्यात घालून घालून,” सोफुरा म्हणाली, आणि तिच्या मांडीवरून मिथिलेला उचलून घेऊन ढेकर काढायला खांद्यावर टाकलं. “खा तसंच.”